धूमकेतूची मारबत

शके १९४७, मार्गशीर्ष मास. मुक्काम गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, चोरखमारा तलावाच्या पाटावरील एक गाव. स्थळ, यशोदाबाई पटले यांच्या स्वयंपाकघरातील वरची फळी, मिठाच्या बरणीची डावी बाजू. गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. गावावर माझा राग आहे. पण राग आला म्हणून बदनामी करावी, असे मला शिकवलेले नाही.

मित्रांनो, मी एक जुने अंतराळयान आहे.

येथेच तुमच्यापैकी कोणी हात वर करील आणि म्हणेल, की तू तर स्वयंपाकघरातला डबा दिसतोस. हा आक्षेप मी आयुष्यभर ऐकत आलो आहे असे तुम्हांला वाटेल, तर तसे नाही. मी तो ऐकत आले आहे. यान नपुंसकलिंगी असते. आणि मी खरे यान नव्हे, हेही मी लपवत नाही. मी त्याची प्रतिकृती आहे. परंतु नकाशाला आपण देश म्हणतो आणि भिंतीवरच्या तसबिरीला आजोबा म्हणतो. त्याच न्यायाने मला यान म्हणायला हरकत नसावी.

खरे यान युरोपातील पुष्कळ देशांनी मिळून बांधले होते. एका धूमकेतूला गाठायचे, त्याच्या सोबतीने फिरायचे आणि त्याच्या अंगावर एक लहान लँडर उतरवायचा, हे त्याचे काम. थेट तेथे पोहोचावे इतका वेग त्याच्यापाशी नव्हता. म्हणून ते सूर्याभोवती फेऱ्या घालीत पुन्हा पुन्हा पृथ्वीजवळ आले, एकदा मंगळाच्या शेजारून गेले, आणि प्रत्येक वेळी त्या ग्रहाच्या ओढीतून थोडा वेग उचलून पुढे निघाले. सूर्यापासून फार दूर गेल्यावर त्याच्या पंखांना ऊन पुरेना, तेव्हा त्याला झोपवण्यात आले. उठवायला गजर लावलेला होता. ते उठले, धूमकेतूपाशी पोहोचले, आणि या साऱ्या खटाटोपात दहा वर्षे गेली. लँडर उतरला खरा, पण त्याचे आकडे रुतले नाहीत. तो उड्या मारीत एका कड्याच्या सावलीत जाऊन पडला. तेथे ऊन मिळेना. पुढे बराच काळ तो नेमका कोठे आहे, हे कोणाला कळले नाही.

त्या उतरण्याची बातमी ज्या हिवाळ्यात आली, त्या हिवाळ्यात माझा जन्म झाला.

मला गोपीचंद पटले गुरुजींनी घडवले. गुरुजी गावच्या शाळेत विज्ञान शिकवीत. अत्यंत काटेकोर माणूस. वाक्य अर्धे सोडणे म्हणजे धानाची बांधी अर्धी रोवून घरी जाण्यासारखे आहे, असे त्यांचे मत होते. म्हणून ते कोणतेही वाक्य अर्धे सोडत नसत आणि समोरच्याचेही सोडू देत नसत. कोणी "सूर्य उगवला" म्हटले, तरी ते पृथ्वीच्या फिरण्याची आठवण करून देत.

माझे अंग म्हणजे त्यांच्या पत्नी यशोदाबाई यांचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, चौकोनी डबा. तो त्यांच्या लग्नात कामठ्याहून, माहेरातून आला होता आणि त्यात लाखोळीची डाळ राहत असे. त्याच्या तळाला, आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसे, बारीक ठिपक्यांनी यशोदाबाईंचे नाव घातलेले आहे. पंख मोडक्या छत्रीच्या काड्यांचे, त्यांवर निळा चकाकता कागद. अँटेना म्हणजे एक स्टीलचे झाकण. आणि माझा लँडर म्हणजे कुंकवाची रिकामी डबी. तिला केसांच्या आकड्यांचे तीन पाय.

"मंग डाळ कायच्यात ठेवू मी?" यशोदाबाई म्हणाल्या.

"पिशवीत ठेव. हा आता डबा राहिला नाही."

"मंग काय झाला?"

"यान."

"अना यानाच्या बुडाले माझं नाव कायले?"

गुरुजींनी हातातली कात्री खाली ठेवली. "खऱ्या यानातही एक तबकडी पाठवली आहे. तिच्यावर जगातल्या शेकडो भाषांतला मजकूर कोरलेला आहे. त्या अर्थी यानावर अक्षरे असणे गैर नाही."

"म्हंजे माया डब्बा वापस येत नाई," यशोदाबाई म्हणाल्या, आणि डाळ पिशवीत भरायला बसल्या.

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मला मोठ्या थाटाने नेले. माझ्या शेजारी दुसऱ्या एका शाळेचा ज्वालामुखी होता. परीक्षक आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा डिश टीव्ही कोणी बनवला?"

गुरुजींनी उत्तर दिले. ते सूर्यमालेच्या जन्मापासून सुरू झाले, कारण धूमकेतू हा त्या जन्मकाळचा उरलेला ऐवज आहे आणि यान तेथे का गेले हे त्यावाचून समजत नाही. त्यातील प्रत्येक शब्द बरोबर होता. मी साक्षीदार आहे. गुरुजी अजून गुरू ग्रहापर्यंतच आले होते, तोच परीक्षक ज्वालामुखीपाशी पोहोचलेही. ज्वालामुखीत खाण्याचा सोडा होता, लिंबू होते, लाल रंग होता, आणि स्पष्टीकरण मुळीच नव्हते. त्याला पहिला क्रमांक मिळाला.

तेव्हापासून माझा त्या लाल फेसावर राग आहे. या तालुक्यात कोणाच्याही दारात कधी ज्वालामुखी फुटलेला नाही. पण दरवर्षी प्रदर्शनात तो फुटतोच.

पुढे गुरुजी निवृत्त झाले आणि मी शाळेच्या कपाटावर जाऊन पडले. खऱ्या यानाच्या झोपेची गोष्ट मी वर सांगितली. तिच्यात आणि माझ्या झोपेत एकच फरक होता. मला कोणी गजर लावला नव्हता. माझ्यावर जुने नकाशे आले, नकाशांवर धूळ आली. माझा लँडर घरंगळला आणि कपाटामागच्या अंधारात पडला. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या सुशिलाबाईंनी एके दिवशी माझी अँटेना काढून मिठाच्या डब्यावर ठेवली. मी त्यांना दोष देत नाही. मीठ उघडे राहिले तर त्याला पाणी सुटते. अँटेना गेली तर यान मुके होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मित्रांनो, विसरले जाण्याचे दुःख मी सोसले असते. सोसवत नव्हते ते भलतेच नाव. कपाटाखाली डबा खायला बसणारी मुले मला "मच्छर" म्हणत. रंगारी आला, तो "पंखा" म्हणाला. तपासणीला आलेले एक साहेब "सोलर बंद आहे का?" असे विचारून गेले. मला एकदा, केवळ एकदा, धूमकेतूशेजारी उभे करावे आणि चार माणसांत सांगावे की हे यान आहे, हे त्याला भेटायला गेले होते, आणि त्या बिचाऱ्या काळ्या ढेकळाला भ्यायचे कारण नाही. एवढीच माझी इच्छा होती. गुरुजींचीही तीच होती. निवृत्तीच्या भाषणात ते हेच सांगत होते, पण मध्येच चहा आला.

यंदाच्या पावसाळ्यात कपाटाला उधळी, म्हणजे वाळवी, लागली. ते हलवताना नव्या शिक्षिका चेतना टेंभरे यांच्या हाती मी लागले. त्या गोंदिया शहरातून रोज बसने येतात. मला झटकून त्या म्हणाल्या, "अरे वा! ये तो सॅटेलाइट है!"

पुन्हा चूक. पण ही बाई मला फेकून द्यायला निघाली नाही. तिने विचारपूस केली आणि गुरुजींना बोलावणे धाडले. गुरुजी त्याच दुपारी आले. दारातूनच म्हणाले, "उपग्रह नव्हे. उपग्रह ग्रहाभोवती फिरतो." इतक्या वर्षांनी कोणीतरी माझी बाजू मांडत होते. माझ्या काड्या ताठ झाल्या. कपाटामागून लँडरही निघाला, एक पाय वाकलेला. खऱ्या यानाचा लँडरही असाच, कित्येक महिन्यांनी, एका छायाचित्रात कड्याच्या सावलीत पडलेला सापडला होता. अँटेना सुशिलाबाईंनी घासून परत केली.

तिरोड्याचे प्रदर्शन पोळ्यानंतरच्या आठवड्यात होते. त्यातच मोबाइलवर कसल्याशा धूमकेतूची बातमी गावभर फिरत होती. शेपटीवाला तारा येऊन राहिला, गावे उजाड होणार, गुरे मरणार, असा मजकूर होता. पाटापलीकडच्या उदाराम यांची म्हैस त्याच सुमारास आटली, आणि त्यांनी दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली.

"म्हणूनच या वर्षी हे यान गेलेच पाहिजे," गुरुजी चेतनाबाईंना म्हणाले. "माझे हे शेवटचे प्रदर्शन आहे. लोकांच्या मनातली भीती मला काढायची आहे."

"मग सर, यानासोबत धूमकेतू पण बनवू. मी थर्माकोलचा गोळा आणते, वर कापूस लावू. मस्त दिसेल."

"बाई, धूमकेतू पांढरा नसतो. कोळशाहून काळा असतो."

"बरं, काळा रंग देऊ."

"गोलही नसतो. हा जो होता, तो दोन ढेकळांचा होता. खाली एक मोठे, वर एक लहान, मध्ये मान. आणि थर्माकोलचा तर मुळीच नसतो. धूळ, बर्फ आणि खडे."

"सर, रहने दो ना. पोरांना काय कळतं?"

"पोरांना कळत नाही म्हणूनच खोटे दाखवायचे नाही," गुरुजी म्हणाले, आणि वादाला तेथेच पूर्णविराम मिळाला.

मग तलावाचा काळा गाळ आला. धानाचा कोंडा आला, पेंढ्याची तणस आली, कोळशाची भुकटी आली. गुरुजींनी छायाचित्र समोर ठेवून कमरेइतका उंच धूमकेतू घडवला. खालचे ढेकूळ मोठे, वरचे लहान, मध्ये बारीक मान. शेपटीसाठी अंबाडीचे लांब पांढरे धागे लावले. माझा लँडर वरच्या ढेकळावर रोवला, आणि मला बांबूच्या काडीवर तारेने बांधून त्याच्या डोक्याशी उभे केले. इतक्या वर्षांनी मी धूमकेतूपाशी पोहोचले होते. तो ओला होता, त्याला तलावाचा वास येत होता, आणि मला तो फार आवडला.

गाळ वाळावा म्हणून आम्हांला शाळेच्या व्हरांड्यात ठेवले. चेतनाबाई सणाला गोंदियाला गेल्या.

मित्रांनो, आता मनाशी एक चित्र आणा. खाली मोठा काळा गोळा. वर लहान काळा गोळा. मध्ये मान. मागे लांब पांढरे केस. चिखलाचा आणि तणसाचा देह. तुम्ही पूर्व विदर्भातले असाल, तर पुढे काय होणार ते तुम्ही ओळखले असेल. जे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे मारबत निघते. चिखल, तणस आणि फांद्या यांची एक बाई करतात. गावातली सारी रोगराई आणि पीडा तिच्या माथी घालतात, वाजतगाजत तिला शिवेवर नेतात आणि जाळून टाकतात. घरोघरचे झिजलेले खराटेही तिच्याबरोबर जातात. या रिवाजावर माझा राग नाही. वर्षातून एकदा गावाने आपली घाण गावाबाहेर काढावी, यात वाईट ते काय?

राग आहे तो वेगळाच. अचूकपणाच्या भरात एका विद्वान माणसाने शाळेच्या व्हरांड्यात एक सर्वांगसुंदर मारबत घडवून ठेवली होती, आणि ते त्याच्या लक्षात आले नव्हते.

त्या सकाळी तांबडे फुटताना शुभम आणि टिंकू शाळेसमोरून गेले. दोघेही लग्नाच्या वयाचे घोडे. यंदा मारबत बनवण्याची पाळी त्यांच्या आळीची होती.

"मारबत कोठं हाये गा?" शुभमने विचारले.

"मले वाटलं तू बनवली."

"मी कायले बनवन? मी दिवसभर बैल सजवून राहिलो होतो!"

"मंग आता? लोकं तं निघाले." टिंकूची नजर व्हरांड्याकडे वळली. "अबे, हे पाय! शाळेत बनवून ठेवली ना बाप्पा! बाईनं बनवली असन."

"मस्त बनवली यार. अना डोस्क्यावर हे काय हाये?"

टिंकूने मला नीट न्याहाळले. "मच्छर असन. मारबत मच्छर घेऊन जाते ना."

"हुशार हाये बाई!" शुभम म्हणाला, आणि दोघांनी आम्हांला उचलले.

डफडे वाजू लागले. दारादारांतून माणसे निघाली. "ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत! खासी-खोकला घेऊन जा गे मारबत!" एक खराटा माझ्या उजव्या पंखावर येऊन पडला. इतक्या वर्षांनी सारा गाव माझ्या मागून चालत होता, माझ्याकडे बोट दाखवत होता, आणि त्यातल्या एकालाही मी कोण हे ठाऊक नव्हते. खऱ्या यानाला निदान तोफखान्यासारख्या अग्निबाणाने निरोप दिला होता. मला खराट्यांनी दिला.

शिवेवर आम्हांला ठेवले. खाली तणस रचली. शुभम काडी ओढणार, एवढ्यात पाटाच्या कडेने गुरुजी धावत येताना दिसले. दोन पायांत दोन वेगळ्या चपला.

"थांबा! थांबा! ही मारबत नव्हे!"

गर्दी थांबली. गुरुजींचा गावात मान होता. त्यांनी तेथल्या अर्ध्या लोकांना उठाबशा काढायला लावल्या होत्या.

"मंग काय आय जी?" उदाराम यांनी विचारले.

आता हा प्रश्न असा होता, की त्याला "शाळेची वस्तू" एवढे उत्तर पुरले असते. टिंकूने जीभ चावली असती आणि सगळे फांद्या तोडायला पळाले असते. परंतु ते उत्तर पूर्ण नव्हते, आणि अपूर्ण उत्तर गुरुजी देत नसत.

"हा धूमकेतू आहे," ते म्हणाले.

डफडे वाजायचे थांबले.

"धूमकेतू? शेपटीवाला?" उदाराम दोन पावले मागे सरले. "मोबाइलमंधी आला, तो?"

"तो नव्हे. म्हणजे त्याच जातीचा, पण तो नव्हे. ही दुसऱ्या एका धूमकेतूची हुबेहूब..."

"अना तुमी त्याले गावात आणला? शाळेत? पोरायच्या मधात?"

"उदाराम, तुझा मूळ समज चुकीचा आहे. मुळात तीन मुद्दे आहेत. पहिला मुद्दा असा, की धूमकेतू हा..."

"म्हनूनच माझी म्हैस आटली!"

"हा दुसरा मुद्दा. कार्यकारणभाव म्हणजे..."

"जाळ गा शुभम! पयले जाळ!"

मित्रांनो, पाहिलेत? आतापर्यंत ते आम्हांला नुसत्या रीतीने जाळणार होते. आता मनापासून जाळणार होते. आणि गुरुजींचा एकही शब्द खोटा नव्हता! मला ओरडावेसे वाटत होते, की गुरुजी, मुद्दे राहू द्या, मला आधी सोडवा. पण अँटेना म्हणजे झाकणच. त्यातून आवाज निघत नाही. काडी ओढली गेली. तणसाच्या कडेला ठिणगी लागली. गुरुजी तिसऱ्या मुद्द्यावर आले होते.

तेवढ्यात यशोदाबाई आल्या. त्यांच्या हातात घरचा झिजलेला खराटा होता. तो टाकायला त्या दरवर्षीसारख्या आल्या होत्या. त्यांनी खराटा टाकला, वर पाहिले, आणि हात पुढे करून मला तळाकडून चाचपले.

"शुभम, आग बाजूले कर. हा डब्बा माया हाये."

"कोणता डब्बा, मोठीमाय?"

"हाच. मच्छर म्हनून राह्यले तुमी, तो. बुडाले पाय, नाव हाये माझं. कामठ्याचा हाये, लग्नातला." त्या उदाराम यांच्याकडे वळल्या. "का गा उदाराम, मारबतीत बाईच्या लग्नाचं भांडं जाळतेत का तुमच्यात?"

उदाराम गोरेमोरे झाले. "नाई वो बाई. भांडं कोन जाळते? घरची लक्ष्मी जाते."

"मंग सोड."

शुभमने पायाने तणस विस्कटली. टिंकूने तार पिळून तोडली. तीन मुद्द्यांनी जे झाले नव्हते, ते एका वाक्यात झाले. मी सुटले.

"आणि धूमकेतू?" गुरुजींनी विचारले. "तोही सोडा. तो प्रदर्शनाला..."

"तो चिखल हाये जी," यशोदाबाई हळूच म्हणाल्या. "लोकायले काहीतरी जाळा लागन ना. त्यायची मारबत कोठं हाये?"

गुरुजींची नजर वरच्या ढेकळावर गेली. मग एकदम पुढे होऊन म्हणाले, "ती डबी! वरची डबी तरी काढा!" पण तोवर तणस पुन्हा ओढून पेटवली होती. ज्वाळा मानेपर्यंत चढल्या आणि माझा लँडर वरच्या ढेकळावर तीन पायांवर उभा राहून काळा पडत गेला. खरा लँडर अजूनही त्याच्या धूमकेतूवरच आहे. मी स्वतःला तेवढेच समजावते. समजत नाही.

मारबत पेटली की लोक परततात, आणि परतताना मागे वळून पाहत नाहीत. पाहिले तर पीडा पाठीशी लागते. सगळ्यांनी पाठ फिरवली. यशोदाबाईंनी मला काखेत मारले, तेही उलटे. त्यामुळे त्यांचे तोंड गावाकडे आणि माझे शिवेकडे झाले. म्हणून पुढचे मी पाहिले.

पूर्वेला तलावाच्या पाळीवर सूर्य आला. त्याच दिशेकडून, पाण्यावरून, वारा सुटला. धूमकेतूचा धूर एकवटला आणि एक लांब, सरळ, पांढरी शेपटी पश्चिमेकडे निघाली. सूर्याच्या बरोबर विरुद्ध! मित्रांनो, आकाशातल्या धूमकेतूची शेपटीही अशीच असते. तो कोठेही जावो, शेपटी सूर्यापासून दूरच राहते. शेपटी माणसावर रोखलेली नसते, गावावर रोखलेली नसते. उन्हामुळे उडालेली ती वाफ आणि धूळ असते. ज्वालामुखीच्या फेसाला सात जन्मांत साधणार नाही असा हा देखावा होता. भ्यायचे कारण नाही, हे त्यात जळजळीत लिहिलेले होते.

गुरुजींना ते दिसले, कारण ते उलटे चालत होते. "पाहा!" ते ओरडले. "सूर्य तिकडे, शेपटी इकडे! उदाराम, पाहा! शुभम! अरे, हाच चौथा मुद्दा आहे!"

कोणी वळले नाही. शिवेवरून गावापर्यंत नुसत्या पाठी दिसत होत्या.

"यशोदा, तू तरी पाहा."

"मांगं पायत नाई जी," यशोदाबाई म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.

पुढचे थोडक्यात सांगते. तिरोड्याच्या प्रदर्शनाला वेळ उरला नव्हता. चेतनाबाईंनी गुरुजींची क्षमा मागितली, आणि मग, काय करणार, ज्वालामुखी नेला. त्याला पहिला क्रमांक मिळाला. उदाराम यांची म्हैस दूध द्यायला लागली, आणि याचे श्रेय मारबतीला गेले.

मी या फळीवर आले. माझ्यात पुन्हा लाखोळीची डाळ आहे. तरीही माझे पंख यशोदाबाईंनी काढले नाहीत. डाळ काढताना त्या एक पंख हळूच वर करतात आणि झाकण लावल्यावर खाली करतात. एकाच वेळी डबा आणि यान असणे, ही अवस्था तर्काला धरून नाही. तिच्याविषयी माझी तक्रार मी राखून ठेवते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत कपाटावर कोणीतरी पडलेले असेल. त्याला खाली काढा, पुसा, आणि त्याला नाव देण्याआधी ते काय आहे हे विचारा. काही जाळायचे असेल तर जाळा. पण आधी त्याचा तळ पाहा. तेथे कोणाचे तरी नाव असते.

काल सुशिलाबाई विरजण मागायला आल्या होत्या. गुरुजी फळीखाली पाटावर बसून जेवत होते. सुशिलाबाईंनी फळीकडे पाहून विचारले, "हे कोनतं वो बाई, पंखवालं?"

गुरुजींनी घास ताटात ठेवला आणि घसा साफ केला. पण यशोदाबाई चुलीपासून न उठता म्हणाल्या, "यान हाये. धूमकेतू म्हंजे काय हाये, ते पाहाले गेल्तं. पायलं तं नुसता काळा दगड अना बरफ. त्याले काय भ्याचं?"

"हो का!" सुशिलाबाई म्हणाल्या. "लोकं तं उगाच बोंबलून राह्यले." आणि विरजण घेऊन गेल्या.

गुरुजींनी ठेवलेला घास पुन्हा उचलला. मग म्हणाले, "मीही तेच सांगत होतो. त्या दिवशी माझे एक तरी वाक्य चुकीचे होते काय?"

यशोदाबाईंनी त्यांच्या ताटात भात वाढला.

"सारे वाक्य बरोबर होते जी," त्या म्हणाल्या. "तुमाले सांगता येत नाई."